सेवाज्येष्ठता आणि डावा कान

यंदा चौथीचा वर्ग सत्यशीला बाईंना मिळाला.

हे वाक्य आपण वाचलं नाही असं समजावं, कारण असं काही घडलेलंच नाही. घडलेलं नसल्याबद्दल मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा कागद शाळेच्या फायलीत आहे. तेव्हा जे घडलं नाही ते पहिल्यापासून सांगतो.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, निलंग्यापासून अकरा किलोमीटरवर. पहिली ते चौथी, चार खोल्या, चार शिक्षक. इतकं सरळ दिसतं म्हणजे आत काहीतरी वाकडं असणारच. पहिली सत्यशीला बाईंकडं. दुसरी माझ्याकडं. तिसरी मुख्याध्यापक रामकिशन सरांकडं. पण सरांना ऑफिसचं काम असतं, आणि ऑफिस तिसरीच्या खोलीत असतं, त्यामुळं तिसरी कागदावर सरांकडं असते आणि बसते माझ्याकडं. चौथी शेषेराव सरांकडं. चौथीत अकरा पोरं, शाळेतला एकमेव फिरणारा पंखा आणि खिडकीबाहेर लिंबाचं झाड. ही पोरं फळा स्वतः पुसतात, हजेरी स्वतः घेतात आणि सरांना डुलकी लागली तर पाढे हळू आवाजात म्हणतात.

पहिलीत सत्तावीस. त्यांच्याबद्दल इतकंच सांगतो की कोणती चप्पल कोणाची हे ठरवण्यात बाईंचे पहिले दोन तास जातात.

मी सुदर्शन, शिक्षणसेवक, मूळचा नांदेडकडचा, उमरीचा. माझा जन्म दवाखान्यात झाला, जन्मतारीख एकोणीस नोव्हेंबर. स्टाफमध्ये या तारखेकडं जरा संशयानं बघितलं जातं, कारण बाकी तिघांची जन्मतारीख एक जून आहे. आमच्या भागात पन्नाशीच्या पुढच्या बहुतेक माणसांची तीच असते. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख ठाऊक नसायची, गुरुजी एक जून टाकायचे. वर्षातले बाकीचे दिवस आमच्याकडं नुसते राहायचे, जन्माला कोणी यायचं नाही.

दरवर्षी शाळा उघडली की रामकिशन सर वर्गवाटपाची बैठक घेतात. बैठक चार मिनिटं चालते. सर म्हणतात, सेवाज्येष्ठतेप्रमाणं ज्यानं त्यानं वर्ग निवडावा. शेषेराव सर म्हणतात, चौथी. मग सगळे चहा पितात. यंदा चहा उकळायच्या आत सत्यशीला बाईंनी विचारलं की शेषेराव सर त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ कसे.

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच तो नऊ वर्षांत कोणी विचारला नव्हता. दोघं पलीकडच्या एकाच गावचे. एकाच आदेशानं, एकाच तारखेला नोकरीला लागलेले. नऊ वर्षांपूर्वी एकाच बदलीत या शाळेत आलेले. त्या दिवशी शेषेराव सर मोटरसायकलवर आले आणि बाई एसटीनं. एसटी वाटेत पंक्चर झाली. सरांची सही हजेरीपटावर वर पडली, बाईंची खाली. एका टायरमुळं बाईंना नऊ वर्षं पहिली.

रामकिशन सरांनी समजूत काढायचा प्रयत्न केला. बायांना लेकरांची सवय असते, बाईंचा पहिलीवर हात बसलाय, असं ते म्हणाले.

"बसलाय ना सर," बाई म्हणाल्या, "मग आता जरा उठू द्या त्याला. नऊ वर्षं मी शर्ट चड्डीत खोचायला शिकवत आले. पोरगं नीट बोलाय लागलं की दुसऱ्याच्या वर्गात जातं. ह्या चौथीतली अकराच्या अकरा माझ्या हाताखालून गेलीत. पुढल्या जूनला ती निलंग्याच्या शाळेत जाणार. त्यांचं पुढं काय झालं ते मला एकदा बघायचंय."

चहा उतू गेला. कोणी उठलं नाही.

सरांनी नियम काढला. रुजू होण्याची तारीख सारखी असेल तर ज्याचं वय जास्त तो ज्येष्ठ. दोघांची सेवापुस्तकं उघडली. सत्यशीला बाई: एक जून एकोणीसशे त्र्याहत्तर. शेषेराव सर: एक जून एकोणीसशे त्र्याहत्तर. सोबत जोडलेल्या शाळेच्या दाखल्यांवर अक्षरसुद्धा सारखं. तिथं दोघांची तारीख एकाच माणसानं टाकली होती, चन्नबसप्पा गुरुजींनी. गुरुजी अजून आहेत, पलीकडच्याच गावात. मग ज्यानं तारीख दिली त्यालाच विचारू, असं ठरलं. हे शेषेराव सरांनीच सुचवलं, कारण ते गुरुजींचे लाडके होते असं त्यांना वाटायचं.

शाळा सुटल्यावर आम्ही चौघं दोन गाड्यांवर निघालो.

गुरुजी ओसरीत शेंगा निवडत बसले होते. वय सत्त्याहत्तर, जन्मतारीख एक जून. "बर्री, कुंद्री," म्हणाले, म्हणजे या, बसा. त्यांच्या घरात कानडी आणि मराठी एकाच पातेल्यात शिजते. त्यांच्या बायकोनं, शरणम्मांनी, चहा ठेवला. रामकिशन सरांनी अर्धा तास प्रशासकीय पार्श्वभूमी सांगितली. गुरुजींनी तेवढ्या वेळात किलोभर शेंगा निवडल्या आणि विचारलं, थोरलं कोण आणि धाकटं कोण एवढंच ना.

तारीख त्यांनी अंदाजानंच टाकलेली, पण पोरगं शाळेत घ्यायचं की नाही हे अंदाजानं ठरवलेलं नव्हतं. त्याला एक कसोटी होती. उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाताला लागला तर सहा वर्षं पूर्ण, नाव घालायचं. नाही लागला तर पुढल्या वर्षी या.

"सत्यशीलाचा हात कान सोडून मानेपर्यंत गेलता," गुरुजी म्हणाले. "सात कधीच झालेले. धाकट्या भावाला सांभाळाय घरी ठिवलती हिला वर्षभर."

म्हणजे लेकरं सांभाळायचा बाईंचा अनुभव सेवापुस्तकात दाखवलाय त्याहून बराच जुना निघाला.

"आन् माझा?" शेषेराव सरांनी विचारलं.

"तुझा पोचलाच न्हाई. दोन बोटं कमी पडला."

"मग नाव कसं घातलं, गुरुजी?"

"पट एकोणचाळीस होता. चाळीस झाले की मला जोडीला दुसरा मास्तर मिळणार होता. तू चाळीसावा."

बावन्न वर्षांच्या माणसाला आपण शाळेत कानामुळं नव्हे, पटामुळं आलो हे कळणं सोपं नसतं. शेषेराव सर म्हणाले की काही लेकरांचे हात लहानपणी आखूडच असतात, त्यावरून वय ठरत नाही.

"बरं," गुरुजी म्हणाले. "आता दाव."

सर उभे राहिले. शर्टाची बाही सारली. उजवा हात डोक्यावर नेला. आता सरांचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलाय, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं, गुरुजींना नव्हतं. हात टाळूपर्यंत गेला आणि थांबला. बोटं हवेत दोन-तीनदा वळवळली. कान जिथं होता तिथंच राहिला.

गुरुजींनी चष्मा पुसून नीट बघितलं.

"अजून न्हाई पोचला," ते म्हणाले आणि पुन्हा शेंगा निवडायला लागले.

सत्यशीला बाईंनी पदर सावरला, हात डोक्यावरून नेला आणि कान धरला. तसाच धरून बसल्या. मीही बघून घेतलं, माझा पोचतो. शरणम्मा चुलीपुढं पाठ करून उभ्या होत्या, पण त्यांचा उजवा कोपर वर दिसत होता. रामकिशन सर म्हणाले की ते प्रशासनात आहेत, ते हात वर करणार नाहीत. परतीच्या वाटेवर माझ्या गाडीच्या आरशात मला ते मागं बसून काय करत होते ते दिसलं. लागत नव्हता.

शेषेराव सर भांडले नाहीत. नऊ वर्षं नियम नियम म्हणणाऱ्या माणसाची हीच अडचण असते, कधीतरी नियम खरंच लागू होतो. धाकट्यानं पहिली घ्यायची. ते म्हणाले, हाव, घेतो.

पण दुसऱ्या दिवशी रामकिशन सर अडून बसले. कानाचा पुरावा शासन मानत नाही. शिवाय वर्गवाटप त्यांनी मे महिन्यातच ऑनलाइन भरून टाकलं होतं आणि ते लॉक झालं होतं. बैठक त्यानंतर घेतली जाते, कारण बैठक घेणं बंधनकारक आहे. आता लॉक उघडायचं तर लातूरला जिल्हा परिषदेत जावं लागेल, तिथं कारण लिहावं लागेल, आणि कारणाच्या रकान्यात कान लिहिणार कसं.

बाई पहिलीचा खडूचा डबा उचलायला वाकल्या. मला ते बघवलं नाही.

"सर," मी म्हणालो, "तिसरी तुमच्याकडं हाय ना?"

"हाव."

"आन् बसती कुठं?"

तिसरीचा एक पोरगा दारातून डोकावला, सरांना बघून बिचकला आणि माझ्या वर्गात पळाला.

"चौथी शेषेराव सरांकडंच राहू द्या," मी म्हणालो. "फक्त बाईंकडं बसू द्या. न्हाईतर सगळंच कागदासारखं करू. तिसरी आणतो मी आत्ता इथं."

सरांनी ताबडतोब वर्गवाटपात कोणताही बदल झालेला नसल्याचं पत्र लिहिलं, शिक्का मारला आणि म्हणाले, कोणी कुठं बसावं याबद्दल शासनाचं काही म्हणणं नाही.

पहिल्या दिवशी पहिलीत सत्तावीस जण रडले. काही लोक अठ्ठावीस म्हणतात, पण त्या अफवेला आधार नाही. चौथीत बाईंनी फळ्यावर भागाकार मांडला. तेव्हा गीतांजली उठली. ही पोरगी पहिलीत अख्खं वर्ष बाईंचा पदर धरून बसलेली, एक शब्द न बोललेली. ती म्हणाली, बाई, बाकी चुकली तुमची. बाई खडू हातात घेऊन तशाच व्हरांड्यात आल्या आणि मला सांगितलं, "माझा भागाकार चुकला म्हणती. खरंच चुकलाय." एवढं खूश होऊन चूक कबूल करणारी शिक्षिका मी आमच्या तालुक्यात पाहिलेली नाही.

मधे केंद्रप्रमुख तपासणीला आले. आम्ही आपापल्या कागदावरच्या वर्गात पळालो. तिसरी ऑफिसात कोंबली, तिघं कपाटावर बसले. केंद्रप्रमुखांनी चौथीतल्या बबलूला विचारलं, तुम्हाला कोण शिकवतं. बबलू म्हणाला, "कागदावर का खरं?" साहेबांनी शेरा लिहिला: विद्यार्थी चौकस आहेत.

सगळं बरं चाललंय. अडचण एकच आहे. शेषेराव सरांना पहिलीत रोज सत्तावीस जणांबरोबर हातवारे करून गाणी म्हणावी लागतात. हात वर, हात खाली, हात डोक्यावर. दोन वर्षं डॉक्टरांना जमलं नाही ते पहिलीनं करून ठेवलंय, खांदा सुटत आलाय. दिवाळीच्या आधी हात कानाच्या चार बोटं वर होता. काल मी मोजला, आता एकच बोट उरलंय. सर मधल्या सुट्टीत भिंतीकडं तोंड करून हात डोक्यावरून नेऊन बघतात. कान हाताला लागला की ते चौथी परत मागणार. बाईंचा भागाकार अजून संपायचाय, आणि अपूर्णांकांना तर हात लागलेला नाही.

म्हणून मी लातूरला पुढीलप्रमाणे अर्ज पाठवला आहे.

प्रति, मा. शिक्षणाधिकारी साहेब. विषय: सेवाज्येष्ठता यादीत दुरुस्तीबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, जिल्ह्यातील सर्व शिक्षकांच्या सेवाज्येष्ठता यादीत 'जन्मतारीख' या रकान्याशेजारी 'कान' हा रकाना वाढवण्यात यावा, त्यातील नोंद चन्नबसप्पा गुरुजींच्या तोंडी साक्षीवरून सन १९७९ पासून पूर्वलक्षी प्रभावाने ग्राह्य धरावी, आणि सदर निर्णय होईपर्यंत श्री. शेषेराव यांच्या उजव्या हातास आहे त्या ठिकाणी स्थगिती देण्यात यावी, ही नम्र विनंती.