टीचरबाईंचं इंग्लिश

रामनगरच्या बाजारात सुमंगलाबाई आल्या की दुकानातलं बोलणं आपोआप खाली यायचं. कुणाशी भांडण नव्हतं त्यांचं. उलट मान होता. कुणी बाकड्यावरची पिशवी उचलून जागा करायचं, कुणी "नमस्ते टीचर" म्हणायचं, आणि मग गप्प. कारण टीचरबाईंसमोर तोंड उघडलं की काहीतरी चुकायचंच. "साखर पायजे" म्हटलं, तर त्या हळूच, अगदी मायेनं म्हणायच्या, "पाहिजे." एखाद्या जुन्या विद्यार्थ्यानं मोठ्या उत्साहानं "माय सन इज गोइंग टू बेंगलोर यस्टर्डे" म्हटलं, तर त्या वाक्य दुरुस्त करून त्याच्या हातात परत द्यायच्या. मुलगा बेंगळुरात काय करतो हे विचारायचं राहूनच जायचं. हायस्कुलात तीसेक वर्षं इंग्रजी शिकवून त्या रिटायर झाल्या होत्या, पण त्यांचे कान काही रिटायर झाले नव्हते.

त्या बेळगावच्या शहापुरात वाढलेल्या, धारवाडला इंग्रजीत एम.ए. केलेलं. लग्न होऊन इथं आल्या तेव्हा नवरा, शंकर, भाताची गिरणी चालवायचा. मूळचा खानापूरकडचा. "व्हय, न्हाई, काय करालीस" असं मोकळं, गडगडाटी बोलणारा. सुमंगलाबाईंनी त्याचं बोलणं सुधारायला घेतलं. पाहुणे बसलेले असले तरी सुधारायच्या. तो कधी चिडला नाही. फक्त घरात बोलायचा हळूहळू कमी झाला. गिरणीतलं त्याचं हसणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. घरात मात्र "वाढ" आणि "पुरे", एवढंच. तो वारला तेव्हा घर फारसं शांत झाल्यासारखं वाटलं नाही. ते आधीच शांत होतं. हे सुमंगलाबाईंच्या लक्षात आलं ते दिवसकार्य आटोपल्यावर, रिकाम्या स्वयंपाकघरात, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

आता गिरणी बंद होती. तिच्या मागच्या खोलीत सुंदरी राहायची. गुंद गावची कुणबीण, साठीला आलेली, पूर्वी गिरणीत भात पाखडायला होती. आता सुमंगलाबाईंची धुणीभांडी बघायची आणि परसात कंद लावायची. दोघी दिवसभर एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर असत, पण हाक क्वचितच मारली जाई.

मुलगा रोहन नर्सिंग शिकून इंग्लंडला गेला होता. तिकडं उत्तरेला, यॉर्कशरमधल्या एका गावात हॉस्पिटलात नोकरी होती. बायको प्रियांका खानापूरजवळच्या खेड्यातली. त्यांना मुलगी झाली, वैष्णवी, तेव्हा सुमंगलाबाईंनी फोनवरच बजावलं होतं. "तिच्याशी पहिल्यापासून इंग्रजीच बोला. चांगलं इंग्रजी. मराठी काय, नंतर येईल." आणि मग, प्रियांका ऐकतेय हे माहीत असून, "आणि ते व्हय-न्हाई तर तिच्या कानावर अजिबात पडू देऊ नका."

प्रियांकानं सासूबाईंना "बरं आत्या" म्हटलं आणि तसंच केलं. पोरीला मराठीचा एक शब्द येत नव्हता.

दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल यायचा. सुमंगलाबाई त्याआधी इस्त्रीची साडी नेसायच्या, चष्मा पुसायच्या आणि समोरच्या खोलीत खिडकीशी बसायच्या, कारण रेंज तिथंच चांगली. पोर लहान होती तोवर सगळं छान चाललं. त्या इंग्रजी बडबडगीतं म्हणायच्या, ती टाळ्या वाजवायची. मग वैष्णवी शाळेत जाऊ लागली आणि तिचं बोलणं पालटलं.

"आय वर सॅट ऑन द वॉल," ती एका रविवारी सांगू लागली, "विथ मी मुम—"

सुमंगलाबाईंना क्षणभर वाटलं, पोर मराठी बोलली. "मी!" पण ते 'माय' होतं. मुम म्हणजे मम. कपाला ती कुप म्हणत होती, बसला बुस.

"आय वॉज सिटिंग," सुमंगलाबाई म्हणाल्या. "माय मम. कप. बस. से इट."

पोर पडद्यातून त्यांच्याकडं बघत राहिली. मग मान वळवून आईला काहीतरी म्हणाली, ते सुमंगलाबाईंना समजलं नाही. प्रियांकानंही ते समजावून सांगितलं नाही.

"अगं आई, इथं सगळे असंच बोलतात," रोहन म्हणाला. "तिची टीचरसुद्धा."

"टीचर? 'आय वर' म्हणते? इंग्लंडात?"

"हे यॉर्कशर आहे आई. माझे पेशंटपण असंच बोलतात. पहिले सहा महिने मला काही कळायचं नाही. आता मीच तसं बोलतो."

सुमंगलाबाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. ज्या भाषेसाठी त्यांनी आयुष्यभर लोकांची तोंडं धुऊन काढली, ती भाषा तिच्या स्वतःच्या घरात केस मोकळे सोडून फिरत होती, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांनी ठरवलं, निदान आपल्या नातीपुरतं तरी आपण बघायचं. दर रविवारी त्या वाक्यं दुरुस्त करू लागल्या. दर रविवारी वैष्णवी पडद्याच्या कडेला थोडी जास्त सरकू लागली. मग फक्त तिचा एक खांदा दिसायचा. मग तोही दिसेनासा झाला. "खेळतेय ती," रोहन म्हणायचा.

फेब्रुवारीत तिघं गावाला आली. सुमंगलाबाईंनी घर रंगवून घेतलं होतं, बेळगावहून चित्रांची पुस्तकं मागवली होती. पोर स्टेशनवर उतरली, त्यांच्याकडं बघून हसलीही. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "ग्रँडमा, कॅन आय हॅव समट टु ईट?"

"समट नाही. समथिंग."

पोरीनं डब्याकडं बोट केलं.

"से इट, डिअर. सम-थिंग. देन आय विल गिव्ह यू."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्गात त्या असंच म्हणायच्या आणि मुलं म्हणायची. पण वैष्णवी म्हणाली नाही. तिनं ओठ आत घेतले, वळली आणि मागच्या दारानं परसात गेली. तिथं सुंदरी चुलीवरून कंद उतरवत होती. तिनं पोरीकडं एकदा पाहिलं, विचारलं काहीच नाही. एक कंद सोलला, फुंकर मारून निववला, मिठाला लावला आणि तिच्या हातात दिला.

"खा गो बाय."

पोरीनं खाल्लं. दुसरा मागायला हात पुढं केला. तिसऱ्याला तिनं मान हलवली तेव्हा सुंदरीनं कन्नडात विचारलं, "साकू?" पुरे? पोर म्हणाली, "साकू," आणि दोघी हसल्या.

सुमंगलाबाई दारात उभ्या होत्या. मागून प्रियांका आली. ही मुलगी लग्नापासून त्यांच्यासमोर मोजकं, जपून, छापल्यासारखं बोलत आली होती. आज तिनं जपलं नाही.

"भूक लागली म्हणालीती ती, आत्या," ती म्हणाली. "एवढंच म्हणालीती. न्हाई समजलं व्हय तुमास्नी?"

सुमंगलाबाईंना समजलं होतं. पहिल्याच वेळी समजलं होतं.

त्यानंतर वैष्णवी दिवसभर परसातच असायची. त्या दोघींची मिळून एक विचित्र बोली तयार झाली, थोडी कोंकणी, थोडी कन्नड, थोडी यॉर्कशरची. व्याकरण कशालाच नव्हतं आणि अडत कशालाच नव्हतं. प्रियांकाही त्यांच्यात जाऊन बसू लागली, पोरीला आपल्या बोलीत हाका मारू लागली. उळवीची जत्रा आली तेव्हा रोहननं गाडी ठरवली. वाटेत गुंदला सुंदरीच्या भावाच्या घरी जेवायचं ठरलं.

"तूपण चल आई."

"गुडघा दुखतोय," सुमंगलाबाई म्हणाल्या. गुडघा दुखत होता, पण तो नेहमीच दुखायचा. रोहननं जास्त आग्रह केला नाही, आणि सुमंगलाबाई आग्रहाची वाट बघत उंबऱ्याशी थोड्या जास्तच उभ्या राहिल्या.

गाडी गेल्यावर त्यांनी भांडी लावली, चित्रांच्या पुस्तकांवरची धूळ पुसली. मग ओट्याशी उभ्या असताना, घरात कुणी नाही हे माहीत असूनही इकडंतिकडं बघून, त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. "समट." जीभ अडली. "कुप." ते त्यांच्या तोंडी थट्टा केल्यासारखं वाटलं. त्यांनी परत म्हटलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी रोहन त्यांच्याजवळ पायरीवर येऊन बसला. सुमंगलाबाईंनी मनात धरून ठेवलेलं बोलून टाकलं.

"माझ्यापाशी येत नाही रे ती. मी काय वाईट शिकवते तिला?"

"वाईट नाही." रोहन म्हणाला. "आई, बाबा तुझ्याशी बोलायचे?"

"म्हणजे काय? बोलायचे की."

"मला तर आठवत नाही. मी शाळा सुटली की गिरणीत जायचो, बाबांचं बोलणं ऐकायला. घरात ते मिळायचं नाही."

हे म्हणताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर सुमंगलाबाईंना उत्तर देता आलं असतं. त्या बंद गिरणीच्या पत्र्याकडं बघत बसल्या. रोहननं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बॅगा भरायला आत गेला.

ते गेल्यावर रविवारचे फोन पुन्हा सुरू झाले. पहिल्याच रविवारी वैष्णवी आपणहून पडद्यावर आली, तोंडभर हसत. सुमंगलाबाई पुढं झुकल्या.

"व्हेअर्स सुंदरी?" तिनं विचारलं.

सुमंगलाबाई फोन घेऊन परसात गेल्या. तिथं रेंज धड नव्हती. गिरणीच्या भिंतीला लागून हात उंच धरला की पुरेशी मिळायची. सुंदरीला फोन धरता येत नव्हता, तिची बोटं कुठंतरी लागून कॉल बंद व्हायचा. म्हणून सुमंगलाबाईच हात वर करून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या दंडाखालून त्या दोघी बोलल्या.

"जेवलीस गो बाय?"

"न्हाई!"

"न्हाई? कितें खालें मगे?"

"कुंद! समट कुंद!"

दोघी खिदळल्या. सुमंगलाबाईंच्या हाताला रग लागली. त्यांनी हात बदलला, पडदा हलला तशी वैष्णवी ओरडली, "होल्ड स्टिल, ग्रँडमा!" त्या हलल्या नाहीत.

असे बरेच रविवार गेले. इस्त्रीची साडी नेसायचं त्यांनी सोडून दिलं, परसातल्या चिखलात ती खराब व्हायची. फोन ठेवल्यावर सुंदरी कधी म्हणायची, "टीचर, तुमी कायच उलोवक न्हाय तिच्याशी." त्या म्हणायच्या, "तुझं चालू होतं ना." बोलण्याला सुंदरी 'उलोवक' म्हणायची ते त्यांच्या कानाला लागायचं. पण आता त्या ते तसंच जाऊ देत.

पेरणीच्या दिवसांत सुंदरी भावाकडं गुंदला गेली. त्या रविवारी फोन आला तेव्हा सुमंगलाबाई सकाळपासून तयारीत होत्या. काय बोलायचं ते त्यांनी मनात घोळवून ठेवलं होतं.

"व्हेअर्स सुंदरी?"

"ती गावाला गेलीय." मग त्यांनी घसा साफ केला. "जेवलीस गो?"

वैष्णवी डोळे बारीक करून त्यांच्याकडं बघू लागली. "दॅट्स नॉट हाऊ यू से इट."

"जेवलीस गो बाय?"

"नो. गोऽऽ." तिनं हेल काढून दाखवला. "से इट."

सुमंगलाबाईंनी म्हटलं. हेल उलटा गेला. पुन्हा म्हटलं. पोरीनं मोठ्या माणसासारखा सुस्कारा सोडला. तिनं अजून दोनदा म्हणवून घेतलं, मग तिला कंटाळा आला. "यू नीड टु प्रॅक्टिस," ती म्हणाली, रागानं नाही, आणि फोन सोफ्यावर टाकून पळाली.

पडद्यावर तिकडच्या घराचं छत दिसू लागलं. पांढरं छत, त्यात एक गोल दिवा. सुमंगलाबाईंनी हाक मारण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. आतून आवाज येत होते. नळ सुरू झाला, बंद झाला. प्रियांका काहीतरी म्हणाली, "आगं सांडलंस की गं, थांब जरा," पोर त्यावर अर्धं इकडचं अर्धं तिकडचं काहीतरी बोलली, आणि रोहन मोठ्यानं हसला. त्याचं हसणं इतकं मोकळं असतं हे सुमंगलाबाईंना माहीत नव्हतं. इकडं त्यांच्या खिडकीबाहेर पाऊस भुरभुरत होता, रस्त्यानं गोव्याकडं जाणारा एक ट्रक गेला, घर पुन्हा निवांत झालं. त्यांनी फोनचा आवाज वाढवला आणि तो गुडघ्यावर टेकवून धरला.

किती वेळ गेला कोण जाणे. पडद्यावर अचानक रोहनचा चेहरा आला.

"अरे! आई? तू आहेस अजून?"

"आहे."

"मला वाटलं कट केलास. बोल ना. काय म्हणतेस?"

सुमंगलाबाईंनी मान हलवली.

"काही नाही रे. चालू दे तुमचं. फोन तेवढा राहू दे तसाच, बंद करू नकोस."

रोहननं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यानं फोन कुठल्यातरी बरणीला टेकून उभा केला, स्वयंपाकघर दिसेल असा, आणि तो कामाला लागला.