चोर सोडून मेन स्विचला फाशी

ऐकताय ना? मी मेन स्विच बोलतोय. व्हरांड्यात मीटरशेजारच्या पेटीत असायचो, तो. वीज गेली की ज्याच्याकडे तुम्ही धावत येता आणि वीज असली की ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तोच मी.

जन्म कारखान्यातला. तिथे आमची परीक्षा उलटी असते. क्षमतेपेक्षा जास्त वीज अंगातून सोडतात आणि जो खटकन खाली पडतो, तो पास. जो छाती काढून उभा राहतो, तो थेट भंगारात. कारण पुढची वायर तापून पेटण्याआधी वीज तोडायची, एवढंच आमचं काम. मी पडलो, पास झालो. माणसांच्या शाळेत हे कुणाला पटायचं नाही.

या घरात आलो तेव्हा दिवे, पंखे आणि एक फ्रीज एवढाच संसार होता. वायरही त्याच बेताची, बारीक. माझ्यापासून निघून ती आईंच्या खोलीच्या भिंतीतून आत जायची. आई म्हणजे घरमालकाच्या आई. मालकाला सगळे भाऊ म्हणतात. पुढे वहिनी आल्या, एसी आला, गीझर आला, वहिनींनी ऑर्डरचे केक करायला मोठा ओव्हन घेतला. मी कसंबसं निभावून नेलं.

मग समोरच्यांनी विजेवरची गाडी घेतली. झालं! भाऊंची झोपच उडाली. शोरूममध्ये विचारलं म्हणे, "घराला विजेचा मंजूर लोड किती आहे, सर?" त्यावर भाऊ म्हणाले, "लोडबिड सोडा हो, रंग कुठकुठले आहेत ते दाखवा." हे त्यांनीच घरी येऊन कौतुकानं सांगितलं.

चार्जर बसवायला इलेक्ट्रिशियन आला. त्याचं नाव मी 'होऊन जाईल' ठेवलंय. त्याला काहीही विचारा, उत्तर तेच.

"अहो, वायर जाड घालायला नको का? लोड वाढवून घ्यायला नको?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे भिंत फोडायची? अगं, आत्ताच रंग दिलाय!" भाऊ किंचाळलेच. "काय हो, या वायरवर चालेल ना?"

"होऊन जाईल."

पहिल्याच संध्याकाळी गाडी लावली. आत एसी चालू, गीझर चालू, ओव्हन चालू. मी पडलो. भाऊंनी उचललं, पुन्हा पडलो. भाऊ म्हणाले, "स्विचच भिकार आहे!" आणि माझ्या दांडीला चिकटपट्टी लावली. अहो, दांडी वर अडकवली तरी आम्ही आतून सुटतो. शिकलेल्या माणसानं स्विचला चिकटपट्टी लावावी! हसावं की रडावं तेच कळेना.

मग घरात फर्मान निघालं. गाडी जेवत असताना बाकी सगळे उपाशी. "गाडी लावतोय!" अशी व्हरांड्यातून आरोळी आली की आई गार पाण्यानं अंघोळ उरकायच्या, वहिनी ओव्हन बंद करायच्या. घरात जावई आला तरी एवढी बडदास्त कुणी ठेवत नाही.

एकदा आरोळी द्यायची राहिली. ओव्हनमध्ये कुणाच्या तरी लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचा केक होता. भाऊंनी गाडी लावली, मी पडलो, आणि फुगत आलेला केक मधोमध बसला. वहिनी तो ट्रे घेऊन व्हरांड्यात आल्या.

"आता त्या लेकीच्या आईला मी काय सांगू? आमची गाडी जेवत होती म्हणून?"

भाऊ वरमले. वाटलं, आता तरी वायर बदलतील. पण छे! दुसऱ्या दिवशी 'होऊन जाईल' हजर. त्यानं मला उपटलं आणि माझ्या जागी दुप्पट ताकदीचा स्विच बसवला. वायर तीच. "आता बघा, कितीही लावा, पडणारच नाही!" भाऊंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी तिथेच मीटरच्या पेटीवर पडून होतो. मला पहिल्यांदा भीती वाटली. स्वतःसाठी नाही, मी तर सुटलोच होतो. भीती आईंसाठी वाटली. त्यांचा पलंग त्या वायरच्याच भिंतीला लागून.

नवा स्विच उमद्या मनाचा निघाला. गाडी, एसी, गीझर, ओव्हन, सगळ्यांना "या, या." भाऊ खूश, घर उजळलेलं. आणि एका संध्याकाळी आईंचा आवाज आला, "सूनबाई, भिंत किती छान ऊबदार लागतेय गं. पाठ शेकून निघाली माझी."

मला ओरडता आलं असतं तर गल्ली गोळा केली असती.

वहिनी खोलीत गेल्या आणि तशाच धावत बाहेर आल्या. हात झटकत होत्या. त्यांनी नवा स्विच खाली ओढला, गाडीची वायर उपटली, आईंना हाताला धरून बाहेर आणून बसवलं. मग हातोडा घेतला.

"अगं, काय करतेस? रंग! रंग!"

पहिला घाव पडला, दुसरा पडला. प्लास्टर ढासळलं. आत वायरचं आवरण वितळून काळं पडलं होतं आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास व्हरांड्यापर्यंत आला. भाऊंनी एकदा त्या वायरकडे बघितलं, एकदा आईच्या पाठीकडे. मग मटकन पायरीवर बसले.

आता सगळं रीतसर झालंय. लोड वाढला, जाड वायर आली, चार्जरला वेगळी लाइन. त्या कामाला माझा जीव पुरणार नाही, हे मलाही मान्य आहे. मी बैठकीच्या खोलीतल्या खणात पडून असतो. पाहुणे आले की भाऊ मला बाहेर काढतात, हातात नाचवतात आणि सांगतात, "हा बघा, या डबड्यामुळे आमचं घर पेटणार होतं. नशीब, मी वेळेवर ओळखलं!"

पाहुणे माना डोलावतात. वहिनी चहा ठेवता ठेवता भाऊंकडे नुसतं बघतात, आणि मग मात्र ते मला घाईघाईनं खणात टाकतात.

म्हणू देत. आई आत बिनघोर झोपल्यात, मला तेवढं पुरे. जाता जाता तुम्हाला मात्र एक विनवणी, मंडळी. तुमच्या घरचा स्विच वारंवार पडत असेल, तर त्याला शिव्या घालण्याआधी भिंतीला एकदा हात लावून बघा.