ऐकायच्या बाईंची फाईल

लग्नानंतर नऊ वर्षांनी सयाजीला मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. बारशाच्या घुगऱ्या वाटून झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सयाजीची आई बनाबाई शाळेत आली, ती चूल पेटवायच्या आधी थेट हेडसरांच्या दारात उभी राहिली.

"सर, ती फाईल कुटंवर आली?"

"कुठली फाईल?" गणपतराव हेडसरांनी मान वर केली नाही.

"त्रिशलाबाईंची. बक्षिसाची."

गडमुडशिंगीजवळच्या त्या प्राथमिक शाळेत बनाबाई चौदा वर्षं पोरांची खिचडी शिजवत होती. आजवर तिनं हेडसरांकडं सरपणाखेरीज काही मागितलं नव्हतं. त्यामुळं गणपतरावांनी चष्मा काढला.

"मावशी, ज्याला पुरस्कार पायजे त्यानं आपली फाईल आपण करायची असती. बाईच करंनात, त्याला मी काय करू?"

"म्हंजी माझा सत्कार करा म्हणून आपणच अर्ज द्यायचा?"

"तशीच रीत हाय."

"मग नवरीनं आपली ओटी आपणच भरून घ्यायची म्हणा की!"

गणपतराव हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढून तिच्यापुढं धरला. "हे बघा काय काय मागत्यात. किती मुलांना समुपदेशन केलं, त्यांची नावं. प्रत्येकाची अडचण काय. उपाय काय केला. वर फोटो. बाईंच्याकडं यातलं एक तरी हाय का? पुरावा लागतोय मावशी. तांदळातलं खडं लावू का पुराव्याला?"

बनाबाईला राग आला तो या शेवटच्या वाक्याचा, कारण ते खरं होतं.

त्रिशलाबाई मगदूम सहा वर्षांपूर्वी समुपदेशक म्हणून आल्या, तेव्हा त्यांना एक खोली दिली होती. महिन्याभरात त्या खोलीत कॉम्प्युटर आले आणि बाईंची खुर्ची व्हरांड्यात आली. व्हरांड्यात कुठलं पोर तोंड उघडणार? एक दिवस बाई स्वयंपाकघरात येऊन बनाबाईशेजारी पाटावर बसल्या आणि परातीतले तांदूळ निवडू लागल्या. दुसऱ्या दिवशी एका पोरीला सोबत आणलं. तिच्यापुढं परात सरकवली आणि स्वतः मुकाट्यानं खडे वेचत राहिल्या. चिमूटभर खडे जमले तेव्हा ती पोरगी आपणहून बोलायला लागली.

"तोंडाकडं बघून कोण खरं बोलतं, मावशी?" बाई नंतर म्हणाल्या. "हात कामात असले की मन मोकळं होतं."

पोरांनी त्यांचं नाव ठेवलं, ऐकायच्या बाई. सहा वर्षांत किती पोरं त्या परातीशी बसून गेली, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. तिसरीतली अरीबा महिनाभर कुणाशी बोलत नव्हती, डबा तसाच परत न्यायची. ती अकरा दिवस नुसते तांदूळ निवडत बसली. बाराव्या दिवशी बोलली. काय बोलली ते इथं सांगायचं कारण नाही. पण त्या दुपारी तिनं दोनदा खिचडी मागून घेतली. आणि सहा वर्षांत त्या शाळेतल्या एकाही पोराच्या दाताखाली खडा आला नाही.

पण खडे कोण जपून ठेवतं? ते शाळेमागच्या परड्यात फेकलेले.

बनाबाईची घाई वेगळ्याच कारणासाठी होती. त्रिशलाबाईंची मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला जाऊन रक्त धुवून घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधून शाळेत हजर. चेहरा पिठासारखा पांढरा. पुढच्या वर्षीचा शिक्षक दिन बाई बघतील असं बनाबाईला वाटत नव्हतं. जे काय व्हायचं ते याच वर्षी.

त्या दिवशी घरी जाऊन ती सयाजीची शाळेतली जुनी वही घेऊन बसली. बनाबाईला लिहायला येऊ लागून दोनच वर्षं झाली होती. तेही बाईंनीच शिकवलेलं. परातीत तांदूळ पसरायचे आणि त्यात बोटानं अक्षर काढायचं. चुकलं तर परात हलवली की पुसलं. कागदावर तसं नव्हतं. पेन अडत होता, ओळ खाली उतरत होती, बोटं आखडत होती. नात रडत होती, सून हाका मारत होती. तीन दिवस लागले. पण चुलीपुढं बसून सहा वर्षांत जे जे कानावर पडलं होतं, ते सगळं तिनं उतरवलं. बावीस पोरांची नावं. प्रत्येकापुढं त्याचं दुखणं.

चौथ्या दिवशी तिनं कागद आधी बाईंच्याच हातात ठेवले. छाती फुगली होती.

"घ्या. आता म्हणू देत पुरावा न्हाय म्हणून."

त्रिशलाबाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मध्ये एकदा डोळे मिटले.

"अक्षर चांगलं आलंय, मावशी," त्या म्हणाल्या. मग कागदांची घडी घातली, वाकल्या आणि ती घडी चुलीत सारली.

बनाबाईनं चिमटा घातला तोवर निम्मं जळलं होतं.

"ओ बाई! तीन दिस हात मोडून लिवलंय मी!"

"पोरं मला सांगत होती, मावशी. फाईलला नव्हे."

"मग काय कायम अशाच बसणार? त्या वारणेकडच्या गुरुजींनी बी यंदा अर्ज केलाय, त्यांची फाईल बघितली का, एवढी जाड! रंगीत फोटो! त्यांनी केलं, तुमाला काय धाड भरलीया?"

"त्यांनी काम केलं असेल की."

"आन तुमी? तुमी काय केलं न्हाय?" बनाबाईचा आवाज अंगणापर्यंत गेला. "मरायच्या आधी एक शाल तरी पडू दे की अंगावर!"

बोलून गेली आणि वळून चुलीत एक लाकूड सारलं. ते तडतडलं. बाईंनी परात ओढून घेतली.

"शाल नको हो," त्या हसून म्हणाल्या. "आधीच तुमच्या चुलीनं उकडतंय."

बनाबाई त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, पण मनातली चिडचिड गेली नाही. शिक्षक दिनाला पुरस्कार वारणेकडच्या गुरुजींना मिळाला. वर्तमानपत्रात फोटो आला, तो बनाबाईनं चूल पेटवायला वापरला आणि नंतर तिलाच वाईट वाटलं. त्या गुरुजींचा काय दोष?

पट्टी एका हातावरून दुसऱ्या हातावर गेली. दिवाळीनंतर बाई दिवसाआड येऊ लागल्या. संक्रांतीला तिळगूळ घेऊन आल्या, परातीशी बसल्या, आणि निवडता निवडता भिंतीला टेकून झोपल्या. समोर बसलेल्या पोरानं बनाबाईकडं बघून तोंडावर बोट ठेवलं आणि एकट्यानं सगळे तांदूळ निवडले.

पुढच्या आठवड्यात बुधवारी शाळेत शोकसभा झाली. हाराला फोटो मिळेना. मुलांसोबत बाईंनी कधी फोटो काढू दिला नव्हता. शेवटी नेमणुकीच्या अर्जावरचा छोटा फोटो मोठा करून आणला. त्यात बाई ओळखू येत नव्हत्या. गणपतराव बोलायला उभे राहिले, "बाईंचं कार्य" म्हणाले आणि खाली बसले.

दुपारी खिचडी वाढली. दुसऱ्या ओळीतून एक पोरगं ओरडलं, "मावशी, खडा!"

बनाबाईनं त्याच्या तळहातावरचा खडा उचलला. सकाळी तांदूळ निवडताना तिला डोळ्यापुढं धड दिसत नव्हतं, ते तिचं तिला माहीत होतं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिथं आहाराचा फळा होता, रोजचा पदार्थ त्यावर लिहायचा. तिनं तो पदरानं पुसला आणि खडू घेतला.

"मावशी, फळा आहारासाठी हाय," गणपतराव मागून हलकेच म्हणाले. "तपासणीला कुणी आलं तर..."

"यू देत," बनाबाई म्हणाली. ओळ खाली उतरू नये म्हणून डावा हात फळ्यावर टेकवून तिनं सावकाश लिहिलं.

त्रिशला मगदूम बाई मंगळवारी, २१ जानेवारी २०२५ ला, सकाळी वारल्या.