आधी सांगीन म्हणाल्या होत्या

मंगळवारी मी मंजिरीताईंना खरं सांगितलं, आणि बुधवारी सकाळी दारात पोलीस.

दाराच्या भिंगातून दोघं दिसत होते. एक निळ्या युनिफॉर्ममधला पोलीस, आणि शेजारी लष्करी कपड्यांतली एक बाई. दोघांच्या तोंडाला मास्क. नुपूर माझ्या कडेवर होती, सात महिन्यांची, स्वतःशीच काहीतरी बडबडत. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. असं करायचं नसतं, कळतं मला. पण ठेवला.

सांगितलं होतं ते एवढंच. सारंगला, माझ्या नवऱ्याला, वेअरहाऊसमध्ये कोविड झाला आणि हेल्थवाल्यांनी त्याला हॉटेलात नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून चार रात्री मी गोळी घेतली नव्हती. गोळी घेतली की मी दगडासारखी पडते. सारंग घरी असतो तेव्हा नुपूर रडली की तो उठतो. आता तिचं रडणं ऐकणार कोण?

पण गोळी घ्यायची की नाही हे ठरवणं माझ्या हातात नाही. नुपूर झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझं डोकं फिरलं. तिच्या जागी कुणीतरी दुसरं बाळ ठेवणार आहे, असं वाटून मी तिला घेऊन पॅरामॅट्टा स्टेशनवर जाऊन बसले होते. मग हॉस्पिटल झालं, आणि नंतर सक्तीच्या उपचारांची ऑर्डर. घरी राहायचं, पण महिन्याला इंजेक्शन आणि रोज रात्री गोळी. चुकवलं तर पोलिसांकरवी परत वॉर्डात नेता येतं, असं कागदावर स्पष्ट लिहिलंय. त्या वॉर्डात बाळ नेऊ देत नाहीत, हे लिहिलेलं नाही. ते मी भोगलंय.

मंजिरीताई ही ऑर्डर सांभाळणाऱ्या नर्स. पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं, मराठी नर्स नको. आमच्या हॅरिस पार्क उपनगरात एका मराठी माणसाला कळलं की मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेलंच म्हणून समजा. त्या हसल्या.

"मंडळात भेटलो तर मी तुला ओळखणार नाही. वड्याच्या लाइनीत तुझ्या मागे उभी असले तरी. तू ओळख दाखवलीस तरच दाखवीन. आणि मला मंजिरी म्हण गं, इथे बॉसलासुद्धा कुणी अहोजाहो करत नाही."

ते काही मला जमलं नाही.

आणखी एक म्हणाल्या होत्या. "कुणाला पाठवायची वेळ आलीच, तर आधी मी स्वतः तुला फोन करून सांगीन. तू शिव्या घातल्यास तरी."

मंगळवारी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस. उद्या बाराला येते." बास. आणि आता साडेदहालाच हे.

दार पुन्हा वाजलं. "हॅलो? पोलीस! एनीवन होम?"

मी नुपूरला घेऊन बाथरूममध्ये गेले, आतून कडी लावली आणि कोरड्या टबात बसले. फोन लावला.

"तुम्ही पाठवलंत."

"काय? कुणाला?"

"पोलीस. आणि आर्मी! मला न्यायला आर्मी लागते का, ताई?"

पलीकडे गाडी थांबल्याचा आवाज आला. "स्पृहा, मी कुणालाही पाठवलेलं नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"म्हणतात खरं. हे बघ, सारंग पॉझिटिव्ह, म्हणून तू आयसोलेशनमध्ये. अशी माणसं घरातच आहेत का, ते पोलीस आणि आर्मी मिळून घरोघरी फिरून बघतायत. परवा आमच्या खालच्या मजल्यावर आले होते. त्यांना फक्त तुझा चेहरा बघायचाय."

"आणि तुम्ही खोटं बोलत असाल तर?"

"तर आत्ता तुला ते कळायचा काही मार्ग नाही. पण दार उघडलं नाहीस तर ते वर कळवतील. मग जे येतील ते खरंच तुझ्यासाठी येतील. फोन चालू ठेव, खिशात टाक. मी ऐकतेय."

किती वेळ बसले माहीत नाही. नुपूरने माझा कान ओढला, तेव्हा उठले.

दार उघडलं तर दोघं दोन पावलं मागे सरकले. पोलिसाने माझं नाव वाचलं, लायसन्स लांबूनच बघितलं. त्या बाईने नुपूरकडे बघत मास्कच्या आतून विचारलं, "हाऊ ओल्ड इज द बब? नीड एनी नॅपीज?"

"नो वरीज," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

ते शेजारच्या जिन्याकडे गेले. खिशातून आवाज आला, "गेले ना? ये, बस जरा. पाणी पी."

बाराला मंजिरीताई आल्या. पिवळा गाऊन, ग्लोव्हज, तोंडावर प्लास्टिकची ढाल. आतलं माणूस दिसतच नव्हतं. "काहीतरी बोला आधी," मी म्हटलं.

"काय बोलू? चहा देणार नाहीयेस, माहितेय मला."

मग आत घेतलं. आणि मंगळवारी जे सांगितलं नव्हतं, ते उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "बाथरूमच्या पंख्यातून कुणीतरी मला हाक मारतं."

"कधीपासून?"

"रविवारपासून. नुसतं नाव. सासूबाई मारतात तशी हाक."

"नुपूरबद्दल काही म्हणतं?"

याच प्रश्नाला मी घाबरले होते. "नाही. अजून नाही."

ते 'अजून' दोघींनीही ऐकलं.

"हे मला डॉक्टरांना सांगावं लागेल," त्या म्हणाल्या. "आत्ताच. तुझ्यासमोर, स्पीकरवर."

डॉक्टर म्हणाले, एक गोळी लगेच घ्या, झोपा, चारला व्हिडिओवर बोलू आणि मग ठरवू.

"मला नेतील?" मी विचारलं.

"कदाचित."

"नुपूरला बरोबर देतील?"

"आई आणि बाळ एकत्र ठेवतात अशी जागा आहे. मी मागीन. मिळेलच असं नाही."

"नुसतं म्हणा ना, मिळेल म्हणून."

"नाही म्हणणार, स्पृहा."

त्या 'मिळेल' म्हणाल्या असत्या, तर माझा विश्वासच उडाला असता आणि मी बाळाला घट्ट धरून पुन्हा टबात जाऊन बसले असते.

"झोप तू. चारपर्यंत मी आहे, ऑफिसला कळवलंय. हिला घेऊन गॅलरीत उन्हात बसते, दार उघडं ठेवून."

मी नुपूरला टोपी घातली, शालीत गुंडाळलं. बाटली कितपत गरम लागते ते सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. जिच्या एका फोनवर पोलीस येऊ शकतात, तिच्या हातात मी माझं बाळ दिलं. नुपूरने ती प्लास्टिकची ढाल पकडली आणि चाटायला लागली. "नको गं राणी, कडू असेल," मंजिरीताई म्हणाल्या.

गोळी गिळली. पलंगावरून पिवळ्या गाऊनची कड दिसत होती, नुपूरची टोपी दिसत नव्हती.

"मंजिरीताई!"

"आहे!"

पाय जड व्हायला लागले. "ताई?"

"आहे गं. पितेय ती."

मग गाऊन हलला. उठून बघावं म्हटलं, पण मान उचलेना. पुन्हा हाक मारली, की नुसती मारायची ठरवली, कळलं नाही. उत्तराची वाट बघत राहिले.