नव्या कॅमची पहिली वीस मिनिटं

“हळू. अजून हळू. अगं, तू पाना फिरवतेयस, चर्चच्या जत्रेतलं आइस्क्रीमचं यंत्र नाही.”

“मग स्वतः फिरव ना,” गाडीखालून लिनेट म्हणाली.

“माझा अंगठा कामात आहे.”

गाडीच्या नाकाखाली पुठ्ठा अंथरून ती उताणी पडली होती. हातात लांब दांड्याचा पाना, आणि तो इंजिनाच्या पुढच्या बोल्टला लावलेला. वर तिचे वडील, ड्वेन होल्टकँप, उघड्या इंजिनात कमरेपर्यंत वाकलेले. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून त्या भोकावर त्यांनी अंगठा दाबून धरला होता. पिस्टन वर येतो तो दोनदा. एकदा ठिणगी घ्यायला, एकदा नुसता धूर बाहेर लोटायला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. अंगठ्याला मात्र कळतं, कारण ठिणगीच्या वेळी आतली हवा त्याला वर ढकलते. त्याच क्षणी थांबायचं आणि सिलिंडरांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर बसवायचा. ओहायोच्या त्या कोपऱ्यात हे काम दोघांचं समजलं जाई, एक पान्याला आणि एक अंगठ्याला. आई होती तोवर पाना आईकडे असे. दोन वर्षांपूर्वी नवरा आणि शिकागो दोन्ही सोडून लिनेट परत आली, तेव्हा वडिलांनी काही विचारलं नाही. पहिल्या शनिवारी तिच्या हातात पाना दिला, इतकंच.

गाडी शहात्तर सालची, शेवी कंपनीची कॉर्व्हेट होती, गडद तांबूस तपकिरी रंगाची, दिसायला झेपावणाऱ्या जनावरासारखी. पण त्या काळात धुराचे नियम आले आणि अशा सगळ्याच गाड्यांचा दम कमी झाला. नाक हे एवढं आणि ताकद घरगुती मोटारीची. वडिलांनी ती जुनीच घेतली तेव्हा लिनेट शाळेत होती. तेव्हापासून दर हिवाळ्यात ते तिला थोडं थोडं मोकळं करत आले. एका वर्षी एकाऐवजी दोन धुराडी बसवली. एका वर्षी ओतीव लोखंडाची जड नळकांडी काढून ॲल्युमिनियमची हलकी घातली. एक अख्खा हिवाळा तर डिस्ट्रिब्युटरमधल्या दोन इवल्या स्प्रिंगांमागे गेला. शेजारचे व्हर्जिल डिर्कसन त्यांना नेहमी म्हणत, “ड्वेन, एवढ्या खटाटोपात भलंमोठं इंजिन उचलून आत टाकलं असतंस.”

“मला दुसरी गाडी नकोय,” वडील म्हणत. “हिलाच जरा श्वास घेता आला पाहिजे.”

व्हर्जिल जन्मापासून फोर्डवाले. या गाडीला ते ‘तुझी ती प्लॅस्टिकची मासोळी’ म्हणत आणि दर शनिवारी न चुकता मासोळीपाशी येऊन उभे राहत.

हिवाळाभर गाडी गराजमध्येच असे, कारण रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ असे. ते मीठ टाकणारे वडीलच होते. काउंटीच्या बर्फ काढायच्या ट्रकवर त्यांची सगळी नोकरी गेली. पहाटे उठून मैलोगणती मीठ पसरायचं आणि घरी येऊन गाडीच्या सांगाड्याला गंज तर चढत नाही ना ते बघायचं. निवृत्त झाल्यावरही वसंतातला पहिला जोरदार पाऊस रस्ते धुऊन काढेपर्यंत ते गाडीला बाहेरचं ऊन दाखवत नसत.

या हिवाळ्यातलं काम आजवरच्या सगळ्यांत मोठं होतं, नवा कॅमशाफ्ट. इंजिनाच्या पोटात फिरणारा हा दांडा, त्याच्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. उंचवटे जरा चढे असले की इंजिन जरा मोठा श्वास घेतं. वडिलांनी फार चढे घेतले नव्हते. “जरासेच,” ते म्हणाले होते, “चर्चला नेताना लाज वाटता कामा नये.”

पान्याचा दांडा तिनं अजून थोडा खाली ओढला. वर काही हालचाल झाली आणि एकदम पुढच्या चाकाशेजारी वडिलांचा चेहरा दिसला. ते गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले होते. चष्मा नाकाच्या टोकावर आलेला.

“लिनी.”

“काय?”

“तुला इथं कंटाळा येत असेल.”

त्यांनी तिला असं काही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. हात मात्र सवयीनं दांडा ओढत राहिला.

“गावात आहे काय?” ते म्हणाले. “मक्याची कोठारं, चर्च आणि मी. तिकडे तुझी नाटकं होती. पुस्तकांवर बोलणारी माणसं होती. इथं मी काय बोलणार, स्प्रिंगांवर?”

“वाचनालय आहे की. नोकरी आहे.”

“ते आहे. पण तू बरी आहेस का?”

“वाईट नाही, डॅड.”

होल्टकँपांच्या घरात ‘वाईट नाही’च्या वर शब्दच नव्हता. आईचा चेरीचा केक वाईट नसे. लिनेट पदवीला पहिली आली तेव्हा तेही वाईट नव्हतं. पण दाढ दुखत असली तरी उत्तर तेच, आणि दफनाहून परतताना कुणी विचारलं तरी तेच. त्यामुळे या शब्दांवरून कुणाच्या मनातलं काही ताडणं अशक्य होतं.

“तुझी आईसुद्धा असंच म्हणायची,” वडील म्हणाले. “ती या पुठ्ठ्यावर पडून गाणी म्हणायची. सगळी बेसूर. मी तिला कधी सांगितलं नाही.”

“बेसूर गातेस, असं?”

“नाही. थांबू नकोस, असं.”

मग गुडघे कुरकुरवत ते उठले, इंजिनाच्या पुढच्या चकतीवरची खूण बघितली आणि म्हणाले, “आलं. बस्स.” डिस्ट्रिब्युटर खट्ट करून जागेवर बसला. “उद्या चर्चनंतर व्हर्जला बोलावू आणि चालू करू.”

रात्री दोघांनी मक्याचं सूप आणि टोस्ट खाल्ले. वडील बेसबॉलचा सामना बघता बघता खुर्चीतच पेंगले. नेहमीसारखंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चला जायला निघताना, एक बूट घालून झाला आणि दुसरा हातात असताना, पलंगाच्या कडेवरच ते गेले.

पुढचे दिवस हॅम सँडविचचे आणि बटाट्याच्या डब्यांचे होते. बायका डबे आणत, झाकणावर चिकटपट्टीनं आपलं नाव लावत. ‘कशी आहेस’ म्हणून विचारत, आणि लिनेट ‘वाईट नाही’ म्हणे. भाऊ टेक्ससहून आला, रडला, गेला. मग व्हर्जिल आले. आत न येता मागच्या दारातच टोपी चुरगाळत उभे राहिले.

“पोरी, हे आत्ता बोलू नये. पण तो कॅम.”

“काय त्याचं?”

“ड्वेननं त्याला काळं वंगण माखलंय. ते घट्ट असतं, पण उन्हाळ्यापर्यंत काही टिकायचं नाही, निथळून जाईल. नव्या कॅमची पहिली वीस मिनिटंच खरी. चालू झालं की लगेच मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर न्यायचं आणि तिथंच धरायचं, खाली येऊच द्यायचं नाही. तेवढ्यात उंचवटे रुळले तर तू म्हातारी होईस्तोवर चालतील. नाही रुळले तर घासून सपाट होतात, आणि लोखंडाचा भुगा सगळ्या इंजिनात फिरतो.”

“म्हणजे डॅडचं काम...”

“गेलं. सगळंच. पुन्हा बसवायला तो नाही.”

ती दाराच्या चौकटीला टेकली. वडिलांचे कपडे चर्चला देऊन झाले होते, चष्माही दिला होता. त्यांच्या हातांनी शेवटची जी गोष्ट केली ती त्या इंजिनात होती, आणि ती एक तरी जगावी, एवढं तिला हवं होतं.

“शनिवारी ये,” ती म्हणाली.

शनिवारी व्हर्जिल पाण्याचा पाइप, पंखा आणि आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन आले. “माझा बाप थडग्यात कूस बदलत असेल,” ते म्हणाले. “मुलगा शेवीचं इंजिन चालू करतोय.” मग गंभीर झाले. “तसं बघितलं तर डिस्ट्रिब्युटर उपसून तेलाचा पंप ड्रिलनं एकदा फिरवायला हवा. पण ड्वेननं बसवलंय ते मी हलवणार नाही. त्यानं बसवलं म्हणजे ते बरोबरच असणार.”

लिनेट चालकाच्या जागेवर बसली. चावी फिरवली. इंजिन घरघरलं, अडखळलं, आणि बंदुकीसारखा आवाज होऊन कार्ब्युरेटरमधून हातभर ज्वाळ वर आली.

“सोड! चावी सोड!”

ती बाहेर धावली. व्हर्जिल उभे होते, टोपीचा पुढचा भाग धुरकटलेला, एक भुवई अर्धी. लाल नळकांडं हातात तसंच राहिलं होतं.

“ड्वेन, गाढवा!” ते इंजिनाकडे बघून म्हणाले. मग लिनेटकडे वळले. “अर्ध्या फेरीनं उलटा बसलाय हा डिस्ट्रिब्युटर. धूर बाहेर जायच्या वेळी ठिणगी देतोय.” ते तिथंच स्टुलावर बसले. “मी केलंय हे. कितीदा तरी. प्रत्येक वेळी त्यानं महिनाभर माझी टिंगल केली. ‘व्हर्ज, देवानं अंगठा दिलाय तो कशाला?’ त्याच्याकडून एकदासुद्धा झालं नाही. अंगठा लावला नव्हता का त्यानं?”

“लावला होता. मी खाली होते, पाना माझ्याकडे होता.”

“मग काढला कधी?”

लिनेटला चाकाशेजारचा तो चेहरा दिसला, आणि गुडघ्यांवर टेकलेले दोन्ही हात.

“खाली वाकला होता तो,” ती म्हणाली. “माझ्याकडे बघायला. मी पाना फिरवतच राहिले.”

“कशाला वाकला?”

“बोलत होता माझ्याशी.”

“ड्वेन?” व्हर्जिलनी टोपी काढली. “आपणहून?”

“हो. मी बरी आहे का विचारत होता.”

व्हर्जिल बराच वेळ टोपीवरची काजळी बोटानं पुसत बसले. पुसली जाण्याऐवजी ती पसरली. “मग बरोबर आहे,” शेवटी ते म्हणाले. “त्याला एका वेळी एकच काम यायचं.”

मग उठून ते कामाला लागले. डिस्ट्रिब्युटर उपसला, ड्रिलनं तेल चढवलं. लिनेट पुठ्ठा अंथरून खाली गेली आणि तिनं पाना धरला. या वेळी वरून आवाज आला तो व्हर्जिलचा: “ढकलतंय... ढकलतंय... आलं!” अर्धी फेरी फिरवून डिस्ट्रिब्युटर परत खाली गेला.

“ऐक,” व्हर्जिल म्हणाले. “मघाशी थोडं वंगण पुसलं गेलंच असणार. आता परत रिकामं फिरवायला लागलं तर मी जबाबदार नाही. घरघरलं की लगेच पकडलं पाहिजे. पकडलं की पाय दाबायचा, फेऱ्यांचा काटा दोनावर. मी ओरडलो तरी उचलायचा नाही, मी हात आडवा हलवला तरच. भीती वाटतेय?”

“वाटतेय.”

“मलापण. चल.”

तिनं चावी फिरवली. एक घरघर. दुसरी. मग इंजिनानं पकडलं, आणि इतक्या ताकदीनं की मागच्या फळीवरचे डबे खणखणू लागले. तिनं पाय दाबला. काटा उडाला, पुढे गेला, मागे आला, दोनावर थरथरत उभा राहिला. व्हर्जिलनी डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला तसा आवाजातला खडखडाट गेला आणि एक सलग, भरदार गर्जना उरली. धुराच्या नळ्यांवरचा नवा रंग तापून धूर उठला. पंखा तो दाराबाहेर ढकलत होता. व्हर्जिल रेडिएटरच्या जाळीवर पाणी मारत होते, कान इंजिनापाशी, डोळे मिटलेले, आणि अर्ध्या भुवईखालचा चेहरा हळूहळू सैल होत चाललेला.

तिला उठता येत नव्हतं. पाय हलवता येत नव्हता. वीस मिनिटं याच जागी, याच आवाजात बसायचं होतं. दफनाच्या दिवसापासून ती इतका वेळ एका जागी बसली नव्हती. सतत काहीतरी उचलत होती, धूत होती, डबे ज्याचे त्याला परत करत होती.

वडील वाकले होते, कारण त्यांना जाणून घ्यायचं होतं. अंगठा काढला, वाकले, विचारलं. आणि उत्तर घेऊन उठले ते ‘वाईट नाही’. मुलगी घर मोडून परत आलीय, आपल्यापायी या गावात सुकतेय, अशीच समजूत घेऊन ते झोपले असतील.

गेली दोन वर्षं तिच्यापुढे आली. शनिवारचा पुठ्ठा. सूप आणि टोस्ट. तिनं आणलेलं पुस्तक वडील छातीवर उपडं टाकून घोरायचे ते, आणि सकाळी ‘वाईट नाही, पण पहिल्या पानावर झोप लागली’ म्हणायचे ते. शिकागोच्या एवढ्या वर्षांत तिला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

“मी इथं सुखात होते,” ती म्हणाली.

तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. त्या घरात जे कुणी कधी हळूसुद्धा बोललं नव्हतं, ते आता ओरडूनच बोलावं लागणार होतं.

समोरून व्हर्जिलनी डोळे उघडले. “काय? काटा पडतोय?”

“तुला नाही, व्हर्ज!”

तिनं पाय तसाच दाबून धरला, काटा दोनावर ठेवला आणि छातीत मावेल तेवढा श्वास घेतला.

“डॅड!” ती ओरडली. “मी सुखात होते! ऐकतोयस ना? तुझ्यापाशी फार सुखात होते मी!”