तरंगणारा थेंब

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. समोर टेबलावर काचेचं भांडं, भांड्यात गडद निळं पाणी आणि भांड्यामागे निळे महाराज. माणूस बोट पुढे करायचा, महाराज सुई टोचायचे आणि रक्ताचा थेंब त्या पाण्यात सोडायचे. थेंब विरघळायचा नाही. मण्यासारखा गोल राहून कुणाचा तळाशी जायचा, तर कुणाचा वरच रेंगाळायचा.

"पुण्य जड असतं, बाधा हलकी असते!" महाराज गर्जले. "माणूस खोटं बोलेल. रक्त खोटं बोलत नाही!"

गर्दीने माना डोलावल्या.

धाकटी भिंतीला टेकून हे बघत होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती घरी बसली होती. प्रयोगशाळांत केलेले तिचे सगळे अर्ज वाया गेले होते. तिच्या नोकरीच्या आड काय येतंय, हे विचारायला आईने तिला, दादाला आणि वहिनीला इथे आणलं होतं.

तिला तीन गोष्टी खटकल्या. थेंब तरंगत होते ते बहुतेक बायकांचेच. ज्यांची बाधा 'उतरली' असं जाहीर व्हायचं, त्यांच्या थेंबाआधी महाराज भांड्यात तांब्यातलं मंत्रलेलं पाणी ओतायचे. आणि सुई सगळ्यांना एकच होती. ती महाराज नुसती फुंकून घ्यायचे.

"आम्हाला नव्या सुया हव्यात," ती म्हणाली.

"मंत्रलेल्या सुईला मळ लागत नाही, पोरी."

"मंत्राला लागत नसेल. सुईला लागतो."

ती हटून बसली, तेव्हा दादा खालच्या औषधाच्या दुकानातून नव्या सुया घेऊन आला. त्याचा थेंब दगडासारखा बुडाला. आईचाही बुडाला. धाकटीचा जरा घुटमळून गेला. वहिनीचा मात्र तरंगला.

"सापडली!" महाराजांनी टाळी वाजवली. "बाधा बाहेरून घरात आलीय. हिला दिवसाआड कडक उपास. पुढच्या खेपेलाही थेंब तरंगला, तर हिला माहेरी धाडा. पोरीच्या नोकरीची वाट मोकळी होईल."

आईने वहिनीकडे पाहिलं आणि नजर फिरवली. दादा उरलेल्या सुया खिशात घालत राहिला.

उपास सुरू झाले. जिना चढताना वहिनीला धाप लागायची. ती मधल्या पायरीवर बसायची आणि वर हसून म्हणायची, "वन्सं, उपासाचं मला काय नवल? सगळ्यांचं आटोपल्यावर मी जेवायला बसते, तेव्हा पातेलं मलाच विचारतं, आता काय उरलंय?"

धाकटीला हसू आलं नाही.

त्याच सुमारास रक्तपेढीच्या प्रयोगशाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथल्या प्रमुख बाईंनी प्रश्न विचारण्याऐवजी तिला थेट कामालाच लावलं. एक रक्तदाता खुर्चीत बसला होता. बाजूला निळ्या द्रवाची बरणी होती.

"याचं रक्त घेता येईल का, ते सांग."

धाकटीचा हात बरणीवरच थांबला.

"काय झालं? येत नाही?"

"येतं, मॅडम. हा मोरचुदाचा द्राव आहे, ठरावीक दाटपणाचा. रक्तात हिमोग्लोबिन पुरेसं असेल, तर थेंब द्रावापेक्षा जड ठरतो आणि बुडतो. कमी असेल, तर..." तिने बरणीवरचा हात काढला. "तर तरंगतो. त्या बाईला बाधा नसते, मॅडम. तिला पंडुरोग असतो. आणि आम्ही तिला उपाशी ठेवलंय."

"कुणाला?"

धाकटीने सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. "पूर्वी आमच्याकडे बरण्या धुवायला एक माणूस होता. गोड बोलायचा," त्या म्हणाल्या. "तोच आहे असं मी म्हणत नाही. पण वहिनीला आज दवाखान्यात ने. मुलाखतीचा निकाल नंतर."

दवाखान्यातल्या तपासणीत तेच निघालं. अंगात रक्तच नव्हतं. आईने कागद पाहिला आणि म्हणाली, "डॉक्टर काय, सगळ्यांनाच अशक्तपणा सांगतात. महाराजांनी डोळ्यांसमोर दाखवलंय."

"मग मीही डोळ्यांसमोर दाखवते," धाकटी म्हणाली.

पुढच्या बैठकीला ती घरच्यांबरोबर दोन बाटल्या घेऊन गेली. एकीत रोपांच्या दुकानातून आणलेल्या मोरचुदाचा दाट द्राव, दुसरीत नळाचं पाणी.

"महाराज, मीही पाणी मंत्रून आणलंय."

"अडाणी पोरी, शक्ती कोपेल!"

"कोपली तर माझ्यावर. बघू द्या ना लोकांना."

"बघू द्या, बघू द्या!" मागून आवाज उठले. तमाशा कुणाला नको असतो?

तिने पहिली बाटली भांड्यात ओतून ढवळली. दादाने बोट पुढे केलं. मागच्या खेपेला बुडालेला त्याचाच थेंब आता वर तरंगू लागला.

"अरेच्चा! दादालाही बाधा?" धाकटी म्हणाली. मग तिने नळाचं पाणी ओतलं, पुन्हा ढवळलं आणि नव्या सुईने वहिनीचा थेंब सोडला. तो सरळ तळाला गेला. "आणि वहिनीची उतरली! मंत्र म्हणाल, तर नळाचा."

हॉलमध्ये हशा पिकला, पण तो लवकरच विरला. ज्यांचे थेंब तरंगले होते, त्या बायका एकमेकींकडे बघत होत्या.

"आता तुमचं बोट, महाराज."

महाराजांनी दोन्ही हात शालीत घेतले. ते काही बाहेर आले नाहीत.

"थेंब खरंच सांगत होता," धाकटी त्या बायकांना म्हणाली. "तुमच्या अंगात रक्त कमी आहे. त्यावर इलाज आहे. उपास सोडा आणि दवाखान्यात जा. आणि ज्यांना त्या एकाच सुईने टोचलंय, त्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्या."

काही दिवसांनी रक्तपेढीचा निरोप आला. ती जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली होती.

आईचा चेहरा पडला. "बघ. म्हणजे काहीतरी आड येतंच आहे."

"येतंय ना," धाकटी म्हणाली. "जागा एक होती आणि त्या उमेदवाराला आठ वर्षांचा अनुभव होता. याच्या मागे आणखी कुणाला शोधू नकोस, आई. शोधायला निघालीस की घरातलंच माणूस सापडतं."

आई उठली. तिने पानं मांडली. भाजीचं पातेलं अजून भरलेलं होतं. तिने आधी वहिनीला हाक मारली.

धाकटी नवा अर्ज लिहायला बसली.