म्हातारीचा डावा डोळा

ताईने मूर्ती घडवायच्या आणि धाकटीने त्या रंगवायच्या, हे दोघी बहिणींचं शाळेपासून ठरलेलं. बोटाएवढे राक्षस, चेटकिणी, ढालकरी. पटावर काल्पनिक लढाया खेळणारे शौकीन त्या हौसेने घेऊन जायचे. दोघींनीही लग्न केलं नाही. लोक म्हणायचे, यांचा संसार टेबलावरच मावतो.

मग ताई आजारी पडली आणि उठली ती थरथरता उजवा हात घेऊन. बरेच महिने तिने मूर्ती घडवायच्या पुट्टीला हात लावला नाही. शेवटी हट्टाने एक मूर्ती पुरी केली : रानडुकरावर बसलेली म्हातारी सेनापतीण. धाकटीने ती भिंगाखाली धरली. चिलखताची कडी न् कडी दिसत होती, पण डावा डोळा नव्हताच. तिथे नुसता लिंपलेला चट्टा.

हात हलला असणार. आता हे ताईला कोणत्या तोंडाने सांगायचं? धाकटीने सांगितलंच नाही. सगळ्यात बारीक कुंचला घेऊन, श्वास रोखून तिने त्या सपाट जागी डोळा रंगवला. वर पापणीची रेघ, खाली सावली, बुबुळात पांढरा ठिपका. पाहणाऱ्याला कोरलेलाच वाटावा.

रंगवलेली मूर्ती ताईने पाहिली ती थेट मूर्तींच्या स्पर्धेच्या हॉलमध्ये. परीक्षक माइकवरून म्हणाले, "घडण जरा ढिली आहे, पण रंगाने तारून नेलं. हा डावा डोळा बघा, नुसत्या रंगातून उभा केलाय!" टाळ्या पडल्या. ताईनेही वाजवल्या, चारचौघांत वाजवाव्या लागतात तेवढ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी स्वयंपाकघरात आली, तर ताई ओट्यापाशी उभी. रंग काढायच्या द्रावणात म्हातारी बुडवलेली आणि ताई जुन्या टूथब्रशने तिला घासतेय.

"ताई! काय करतेस हे?"

"माझी म्हातारी शोधतेय."

"अगं, मी फक्त सावरून घेतलं. तुझा हात..."

"माझ्या हाताला मध्ये आणू नकोस. ती एका डोळ्याने आंधळी आहे. लढाईत गेलाय तो. म्हणून तर डुकराची मान डावीकडे वळवलीय, तिच्या वाटचं त्याने बघावं म्हणून. एवढं दिसलं नाही तुला?"

मान खरंच वळलेली होती.

"मग सांगायचंस ना मला!"

"आजवर कधी सांगावं लागलं होतं? तुला शंका आली, तर विचारलं का नाहीस? कीव आली ना माझी?"

कीव आली होती, हे खरंच होतं. पण ताईचं म्हणणं आधीपासूनचं की रात्रीत सुचलेलं, हे तिला कळेना, आणि आता विचारायची सोय राहिली नव्हती.

पुढच्या मूर्ती ताईने फावल्या वेळात रंगकाम करणाऱ्या ओळखीच्या एका न्हाव्याकडे रंगवायला दिल्या. त्याचा रंग जाड बसतो, बारकावे बुजतात. ताई म्हणते, झकास. धाकटी खेळण्यांच्या कारखान्यात मोटारींवर पट्टे ओढते. घरात अबोला नाही. गॅस संपला, दूध उतू गेलं, कडी लाव, एवढं बोलणं होतं.

परवा ताईच्या हातून कप निसटून फुटला. धाकटी खुर्चीतून अर्धी उठली आणि पुन्हा बसली. ताईने काचा एकटीने वेचल्या. बराच वेळ लागला.